डबीतले तांदूळ

चार माणसं एका शेडमध्ये वर्षानुवर्षं काम करत असली की किस्से साचत जातात. ड्रॉवरमध्ये वायरींचे तुकडे साचतात तसे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ड्रॉवर रिकामा करायची वेळ आली की मग कळतं, अरे, एवढे झाले होय!

आमच्यावर ती वेळ महेबूब चाचांमुळे आली. एक दिवस चाचांनी सांगून टाकलं, की पाचवी डबी पाणी पिऊन आली तर ते काम सोडणार आणि हैदराबादला मुलाकडे जाऊन राहणार. ते ऐकल्यावर बिराजदार सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला बाजूला घेतलं.

"ज्योती, निरोपाला दोन शब्द बोलावे लागतील. चार-पाच गमती लिहून ठेव."

"सर, डबी अजून यायची आहे."

"लिहून तर ठेव."

सरांचं हे असंच. छत्री घेऊन निघतात आणि पाऊस आला नाही तर नाराज होतात. मी लिहायला बसले, चारावर थांबेना. त्यातलेच काही इथे सांगते.

आधी आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या मावशीलाही ते अजून समजलेलं नाही. लातूरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही टोप्या बनवतो. माणसांच्या नव्हे. समुद्रात सील नावाचा प्राणी असतो, गुळगुळीत अंगाचा, मिशीवाला. त्याच्या डोक्यावर चिकटवायची रबरी कापडाची टोपी. तिच्या आतल्या बाजूला सेन्सर, वरच्या बाजूला साबणाच्या वडीएवढी डबी. सेन्सर मेंदूतल्या लहरी टिपतात आणि डबीतलं कार्ड त्या साठवतं. हा प्राणी महिनोन्महिने समुद्रात असतो, खोल बुड्या मारतो आणि झोपतोही तिथेच. तो कसा झोपतो, कधी झोपतो, हे शास्त्रज्ञांना हवं असतं. समुद्रकाठच्या एका संस्थेतल्या डॉक्टर बाई त्याचा अभ्यास करतात. त्या मूळच्या उदगीरच्या, कॉलेजात सरांच्या वर्गात होत्या, म्हणून काम आमच्याकडे आलं. नाहीतर ज्या शहराला एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, त्या शहरात समुद्राखालचं यंत्र करायला कोण देतंय?

आम्ही चौघं. सर. मी औशाची, डिप्लोमावाली, रोज बसने येणारी, सोल्डरिंग माझ्याकडे. गोविंद किनवटकडचा, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेला, नांदेडला इंजिनिअर झालेला. प्रोग्राम आणि ग्राफ त्याच्याकडे. आणि महेबूब चाचा. सगळं आत बसवून झालं की डबी कायमची बंद करणं त्यांच्याकडे. चौघांत समुद्र पाहिलाय तो एकट्या सरांनी, तोही लग्न झाल्यावर एकदाच. पाय भिजवून परत आले.

*

चाचा आमच्याकडे कसे आले, ते आधी.

पूर्वी डबी सर स्वतः बंद करायचे. बादलीत बुडवून ठेवली की तासाभरात आत दव धरायचं. सर पुन्हा उघडायचे, पुन्हा बंद करायचे, आणि घरी जाऊन कुणाशी बोलायचे नाहीत.

अशाच एका फसलेल्या डबीसह सर येत असताना नांदेड रोडवर गाडी पंक्चर झाली. समोरच चाचांचं दुकान. चाचा टायर खोलायला बसले आणि सरांच्या हाताकडे बघून म्हणाले, "हे काय हाय?"

सरांना कुणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यांनी मेंदूपासून सुरुवात केली. लहरी, सेन्सर, समुद्र, सील, झोप, सगळं सांगितलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डबी मागितली, ट्यूब बुडवायच्या घमेल्यात दाबून धरली, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं, डबी पुसली आणि एका कोपऱ्यावर खडूने फुली मारली.

"मेंदूचं तुमचं तुम्ही बघा. हवा हितून जाऊन राहिली."

सरांनी तिथल्या तिथे विचारलं, "आमच्याकडे कामाला याल का?"

"आधी पंक्चर तर काढू द्या," चाचा म्हणाले.

पुढच्या सोमवारी ते आले, दुकान पुतण्याच्या हवाली करून. सोबत फक्त घमेलं आणि टायरला ठिगळ चिकटवायचं जुनं गरम मशीन. ते घमेलं अजून आमच्या शेडमध्ये आहे. लाखांची उपकरणं त्याच्या आजूबाजूला ठेवलेली असतात.

*

पहिली टोपी तयार झाली तेव्हा प्रश्न पडला, लावून बघायची कुणाला? सील तर लातूरला मिळत नाही. गोविंदने कुत्रा सुचवला. सरांनी स्वतःचं डोकं पुढे केलं, पण त्यावर केसच नव्हते.

चाचा रबर कापता कापता म्हणाले, "कातडं जाड पायजे. केस बारीक पायजेत. पाण्यात बसायची आवड पायजे. डोकं तेवढं वर ठेवून डोळे मिटून पडणारं जनावर पायजे. आपल्याकडं हाय की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरी चंद्रा नावाची म्हैस आहे.

आईला पटवायला आठवडा गेला.

"दूध आटंल का?"

"नाही."

"करंट बसंल का?"

"नाही."

"मग तिला त्याचा काय फायदा?"

शेवटी सरांनी फोन घेतला. "आक्का, तुमच्या म्हशीचं नाव शास्त्रात येईल." आई म्हणाली, "नाव न्हाई आलं तरी चालंल. टोपी तेवढी धुऊन आणा."

टोपी धुऊन नेली. चाचांनी आणि मी ती चंद्राच्या दोन शिंगांमध्ये नीट चिकटवली. चंद्राने कान हलवले आणि डोहात जाऊन बसली. रीडिंग छान आलं. संध्याकाळी टोपी काढायला गेलो तर निघेना.

त्याचं असं होतं, की सील वर्षातून एकदा अंगावरचे सगळे जुने केस टाकतो. केस गळले की टोपीही आपोआप सुटते. गोंद त्या हिशोबानेच घेतलेला, चांगला घट्ट. हे सगळं आम्ही वाचलेलं होतं. चंद्रा असलं काही करत नाही, हे मात्र टोपी चिकटवून झाल्यावर चौघांच्या एकदम लक्षात आलं.

अठरा दिवस आमची म्हैस टोपी घालून औशात हिंडली. दूध न्यायला येणारी माणसं विचारायची, "काकू, हिला काय झालं?" आई कुणाकुणाला मेंदू आणि समुद्र सांगत बसणार? तिने एकच उत्तर ठरवलं होतं. "डोकं दुखतंय तिचं." तिसऱ्या दिवसापासून लोक उतार पडला का म्हणून विचारू लागले. शेजारच्या जनाबाई बामची डबी घेऊन आल्या.

शेवटी आईनेच रोज करडईचं तेल चोळून चोळून ती टोपी सोडवली. माझ्या हातात देताना म्हणाली, "धुतलीय."

*

त्या टोपीतलं कार्ड गोविंदने रिकामं केलं होतं, असं गोविंद म्हणतो.

नमुना म्हणून तीच टोपी बाईंकडे गेली. बाई तेव्हा परदेशात होत्या, तिथल्या एका संस्थेच्या हौदात एक सील पाळलेला होता, त्याला ती लावून बघायची होती. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला. बाई घाईघाईने बोलायला लागल्या.

"काहीतरी विलक्षण मिळालंय. एका ठेक्यात मोठमोठ्या लहरी. पन्नास-साठ. मग चार-पाच सेकंद एकदम शांत. पुन्हा तेवढ्याच. तासन् तास असं चाललंय. मी सीलमध्ये असं कधी पाहिलेलं नाही."

सरांचा चेहरा उजळला. गोविंदचा पडला. चाचांनी हातातलं रबर खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी गोठ्याशेजारी वाढलेली. तो ठेका मला झोपेतही ओळखू येईल.

"मॅडम," मी म्हटलं, "ती रवंथ करतेय."

सरांनी नेटवर्क गेलं का म्हणून फोन उचलून बघितला. जबडा हलला की सेन्सरला ते मेंदूपेक्षा मोठं ऐकू येतं, हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. शिवाय त्या उदगीरच्या.

"कुणाची म्हैस?" त्यांनी विचारलं.

"आमची," मी म्हटलं.

त्या दिवसापासून कार्ड रिकामं झालं की नाही, हे गोविंद तीनदा तपासतो आणि आम्ही चौथ्यांदा.

*

चाचांची एक जुनी तक्रार होती. चाची गेल्यापासून त्यांना झोप लागत नाही. लातूरच्या घरी ते एकटेच राहायचे. हैदराबादहून मुलगा रोज फोन करायचा, "अब्बा, तिथं झोप न्हाई, जेवण न्हाई, इकडं या." मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. त्यांचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. चाचा एकदा महिनाभर राहून आले होते. कसं वाटलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लई छान. खिडकीतून गाड्या दिसतात. टायर दिसत न्हाईत."

तर झोपेची गोष्ट. दुपारी डबा खाऊन झाला की चाचा खुर्चीत डोळे मिटून बसायचे. झोपलात का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "विचार करून राहिलो." विचार करताना ते घोरायचे, पण मोठ्या माणसाला असं सांगता येत नाही.

गोविंदला एकदा माणसाच्या डोक्यावरचं रीडिंग हवं होतं. चाचांची परवानगी घेऊन त्याने चाचणीची टोपी त्यांना घातली. चाचा विचार करायला बसले. पाऊण तासाने गोविंदने ग्राफ छापून टेबलावर पसरला.

"चाचा, हे बघा. हितून हितपर्यंत तुम्ही जागे. हितून पुढं गाढ झोपलेले."

चाचांनी चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला. "मशीन खराब हाय."

"मशीन आपणच केलंय."

मग गोविंदला समजावून सांगायची लहर आली. काही समुद्री प्राणी अर्धा मेंदू झोपवतात आणि अर्धा जागा ठेवतात, वसतिगृहात आम्हीही तसंच झोपायचो, वॉर्डन येतो की काय म्हणून, असं तो म्हणाला. चाचांना ते एकदम पटलं.

"माझं तसंच असंल."

"न्हाई चाचा. ही उजवी बाजू, ही डावी. दोन्ही झोपल्यात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

चाचांनी कागदाची नीट घडी घातली. आम्हाला वाटलं, आता रागावतील. त्यांनी घडी परत उलगडली आणि माझ्यापुढे धरली. "पोरी, याचा फोटो काढ. माझ्या पोराला पाठव. म्हणावं, बाप झोपतो. पर हितं झोपतो."

मी फोटो पाठवला. मुलाचा त्यानंतर आठ दिवस हैदराबादचा आग्रह नव्हता.

*

डबी खोल पाण्यात टिकते का, हे बघायला खोल पाणी लागतं. सरांच्या सासऱ्यांचं शेत अहमदपूरजवळ आहे आणि तिथे सहाशे फुटांचा बोअर आहे, भरलेला. जावयाच्या हट्टापायी त्यांनी आदल्या दिवशी मोटार वर काढून ठेवली होती.

आम्ही डबीला वजन बांधलं आणि नायलॉनच्या दोरीने खाली सोडायला लागलो. अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर. बोअरमध्ये काहीतरी सोडतायत म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? एक आजी मला विचारत होत्या, "किती फुटावर लागलं गं?"

गर्दीत एक पाणाड्या होता, तळहातावर नारळ ठेवून पाण्याची जागा सांगणारा. आजूबाजूचे बरेच बोअर त्याच्याच सांगण्यावरून पाडलेले. तो तासभर लांबून बघत होता. मग हळूच सरांजवळ आला.

"साहेब, तुमचं यंत्र किती खोलवरचं पाणी दावतं?"

सर म्हणाले, "अहो, हे पाणी शोधत नाही. याच्यात पाणी अजिबात येऊ नये, हे आम्ही बघतोय."

पाणाड्याने थोडा विचार केला.

"पाणी येऊ नये म्हणून लातूर जिल्ह्यात यंत्र कशाला लागतंय?"

सासरे हसू आवरत घरात निघून गेले. सर दोरीचं माप पुन्हा मोजायला लागले.

डबी चार तासांनी वर काढली. चाचांनी ती गालाला लावली. "कोमट हाय," म्हणाले. खोल बोअरचं पाणी कोमटच असतं, गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनीच उघडून बघितली, आत कोरडी ठणठणीत. आम्ही आनंदाने सासऱ्यांकडची पिठलं-भाकरी खाल्ली आणि निघालो. चाचा कोमट म्हणाले, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. जायला हवं होतं.

*

यानंतर बाईंनी एक डबी तपासणीसाठी उघडली आणि त्यांची मेल आली. सरांनी ती मोठ्याने वाचली. "डबीत तांदळाचे नऊ दाणे सापडले. काही धार्मिक असेल तर माझी हरकत नाही. कागदपत्रांत काय लिहू, तेवढं कळवा."

सर प्रत्येक ऑर्डरला नारळ फोडतात, म्हणून मी सरांकडे बघितलं. मी गुरुवार करते, म्हणून सरांनी माझ्याकडे बघितलं. गोविंद म्हणाला, माझा संबंध नाही.

"मी टाकतो," चाचा म्हणाले. "मिठाच्या बरणीत टाकतात न्हाई का, ओल धरू नये म्हणून?"

बाजारात ओल शोषायच्या पुड्या मिळतात, पण त्या आमच्या डबीत मावत नव्हत्या. चाचांनी कुणाला न विचारता पहिल्या दिवसापासून हा उपाय केला होता. प्रत्येक डबीत नऊ दाणे. सरांनी मेलमध्ये लिहिलं, "स्थानिक पद्धतीचा ओलावाशोषक." बाईंचं एका ओळीत उत्तर आलं. "राहू द्या. माझी आई पण टाकते."

मग खरं काम निघालं. बाई पाच टोप्या घेऊन थंड समुद्राच्या एका बेटावर गेल्या. पाच सीलना पाच टोप्या लावल्या. ते समुद्रात गेले. काही महिन्यांनी त्याच किनाऱ्यावर परत येतात, तेव्हा डब्या काढून घ्यायच्या.

पहिला प्राणी आला. बाईंनी डबी उघडून फोटो पाठवला. चाचांनी माझा मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. डबीत पाणी होतं आणि पाण्यात नऊ पांढरे फुगलेले दाणे.

"भात झाला," चाचा म्हणाले.

एरवी आम्ही हसलो असतो.

दुसरी डबी तशीच, तिसरीही तशीच. चौथी बाईंनी गरम पात्याने कापताना आतलं कार्डसुद्धा वितळलं. बाईंनी कारण शोधून कळवलं. तिथलं पाणी बर्फासारखं, आणि डबी बंद करायला संस्थेने दिलेला गोंद त्या थंडीत कडक होऊन तडकला. आम्ही डब्या घमेल्यात तपासल्या, बोअरमध्ये तपासल्या, लातूरच्या उन्हात तपासल्या. पाणी गार असू शकतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी स्पष्ट लिहिलं, गोंद आमचा होता, तुमची चूक नाही. सरांनी ते चाचांना तीनदा वाचून दाखवलं.

चाचांनी हात पुसले आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. पाचव्या डबीला तो गोंद न्हाई. चार झाल्या आन् गोंद संपला. दुसऱ्या दिवशी पार्सल जायचं होतं. मी ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी कापली, माझ्या मशीनवर दाबली आन् दिली. कुणाला बोललो न्हाई."

सर काही बोलणार होते, चाचांनी हात वर केला.

"चार त्यांच्या गोंदाने गेल्या. पाचवी माझ्या हाताची हाय. तीबी भात होऊन आली, तर मला रबरातलं काही कळत न्हाई. मग हितं बसून काय करू? जातो हैदराबादला."

ते चिडून बोलले असते तर आम्ही समजूत घातली असती. पण ते अगदी साधेपणाने बोलले.

सर त्या दिवसापासून निरोपाचं बोलायला लागले, तो त्यांचा धीर धरायचा प्रकार. गोविंद दर तासाला मेल बघायचा. माझं सांगायचं तर मला ते जायला नको होते. सोल्डरिंग मला कॉलेजने शिकवलं, पण काम बिघडल्यावर हात न थरथरू देता परत पहिल्यापासून सुरुवात कशी करायची, ते चाचांनी शिकवलं. माझे वडील मी नववीत असताना गेले. एवढंच लिहिते.

पाचवा प्राणी येईना. चाचा रोज सकाळी आत येताना विचारायचे, "आलं का जनावर?" आम्ही नाही म्हणायचो. ते घमेल्यातलं पाणी बदलायचे आणि कामाला बसायचे. पुढे पुढे औशाहून आईसुद्धा फोनवर आधी तेच विचारायची. चंद्राची तब्येत सांगायची आणि विचारायची, "ते दुसरं आलं का?"

*

एका मंगळवारी बाईंची मेल आली. जनावर आलं होतं. टोपी डोक्यावर, डबी जागच्या जागी. बाईंनी ती उघडली नव्हती. चौथ्या डबीचं कार्ड आम्ही वितळवलं, ही ज्यांनी बंद केली त्यांनीच उघडावी, असं त्यांनी लिहिलं होतं.

पार्सल एका भर दुपारी आलं. बाईंना फोन लावून मी तो स्पीकरवर टेबलावर ठेवला. सर उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात मी लिहून दिलेला निरोपाचा कागद होता, त्याची वरची कड मला दिसत होती.

चाचांनी हात धुतले. खोक्यातून डबी काढली. तिच्यावर शेवाळं होतं आणि समुद्राचा वास होता, असं सर म्हणाले. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. चाचांनी तिला घमेल्याकडे नेलं.

"चाचा," गोविंद म्हणाला, "सात महिने समुद्रात होती ती. आता घमेल्यात काय बघायचं?"

"समुद्राचं समुद्रानं बघितलं. माझं मला बघू दे."

त्यांनी डबी पाण्यात दाबली. आम्ही सगळे वाकलो. बुडबुडा आला नाही. डबी पुसली, ब्लेड घेतलं आणि ट्यूबची ती काळी पट्टी एका कडेने सावकाश सोडवत आणली. झाकण उचललं ते स्वतःकडे तोंड करून, आम्हाला आतलं काही दिसलं नाही. कार्डाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डबी तळहातावर उलटी केली, दाणे हातात घेतले आणि त्यातला एक तोंडात टाकला.

मी पंखा बंद केला.

कट्ट.

चाचा चावत राहिले. मग फोनवरून बाईंनी हळू आवाजात विचारलं, "किती राहिले?"

"आठ," चाचा म्हणाले.

"एक मला ठेवा."

सरांनी खिशातला कागद काढला, मधोमध फाडला आणि त्याची पुडी करायला लागले. चाचांनी त्यांच्या हातावर एक दाणा ठेवला आणि फोनकडे वाकून म्हणाले, "ठेवतो. तुम्ही या न्यायला. मी हाय हितंच."